घाट उतरण्यापूर्वी : पिकअपच्या ड्रम ब्रेकची निगा



आपले काकती गाव पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले आहे. निपाणीकडे निघाले की आधी वंटमुरीचा घाट व पुढे तवंदीचा घाट लागतो. बेळगावची भाजी गोव्याला न्यायची तर चोर्ला घाट उतरावा लागतो. आपल्या पंचक्रोशीतील पुष्कळ घरांचा संसार पिकअपवर चालतो. गाडी धुतली जाते, दसऱ्याला तिला हार घातला जातो. पण ब्रेकच्या ड्रममध्ये काय साठले आहे ते सहसा कोणी पाहत नाही. म्हणून या अंकात आम्ही हा पाठ घेत आहोत.

ड्रम ब्रेकचे कार्य

बहुतेक पिकअपना पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असतात. फ्रान्सचे लुई रेनॉ यांनी १९०२ साली ड्रम ब्रेक मोटारीत आणला, असे मानले जाते. चाकाबरोबर बिडाचा ड्रम फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू असून त्यांवर लायनर बसवलेले असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरपर्यंत पोचतो. येथे विज्ञानातील पास्कलचा नियम आठवावा. शू बाहेर ढकलले जातात, लायनर ड्रमला घासते व चाक थांबते. पेडल सोडले की स्प्रिंग शूंना मागे खेचते.

घाटातील गणित

गतीची ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. मालासह २५०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे ३.५ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी १०० मीटर उंची उतरली तर २५०० × ९.८ × १०० = २४.५ लाख ज्यूल, म्हणजे सातपट! केवळ ब्रेकवर गाडी उतरवली तर यातील बहुतेक भार ब्रेकवरच पडतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नरम होऊन खाली जाते. म्हणूनच ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावा. गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

सफाईची पद्धत

१. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. केवळ जॅकवर विसंबू नये, मजबूत स्टॅण्ड द्यावा.

२. हॅण्डब्रेक सैल करून चाक व ड्रम काढावा. एका वेळी एकच बाजू उघडावी. स्प्रिंगची जोडणी विसरल्यास दुसरी बाजू पाहता येते.

३. आतील भुकटी साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसावी. रॉकेल, डिझेल वापरू नये. तेलाचा थर राहतो व सिलिंडरचे रबर फुगते.

४. लायनर रिव्हेटपर्यंत झिजले असल्यास किंवा त्यावर तेल आले असल्यास दोन्ही चाकांचे लायनर बदलावे. मात्र आधी गळती थांबवावी. व्हील सिलिंडरचे रबर उचलून आत ओल आहे का ते पाहावे.

५. ड्रमला खोल चरे किंवा तडा आहे का पाहावे. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो झिजला असल्यास बदलावा.

६. जोडल्यावर अॅडजस्टर असा लावावा की चाक फिरवताना हलके घासावे, पण अडकू नये. नंतर हॅण्डब्रेक तपासावा आणि रिकामी गाडी मोकळ्या जागेत सावकाश चालवून पाहावी.

आपल्याकडे पावसाळ्यात तांबडा चिखल ड्रममध्ये शिरतो. पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवावेत आणि पावसाळा संपताच ड्रम एकदा उघडावेत.

सर्वांत महत्त्वाची सूचना

ड्रममधील काळी भुकटी तोंडाने फुंकू नये, हवेच्या पाइपने उडवू नये. काही लायनरांत अॅस्बेस्टॉस असते. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात राहतात व त्यांपासून कर्करोग होऊ शकतो; हा आजार अनेक वर्षांनी प्रकट होतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवू शकत नाही. सुटीत गॅरेजमध्ये काम शिकायला जाणारी मुले हेच काम आधी हाती घेतात. पालकांनी त्यांना हे काम करू देऊ नये. ब्रेक जोडणे हे जाणकार मेकॅनिकचेच काम आहे. मुलांनी पाहावे, समजून घ्यावे व दूर उभे राहावे.

विश्वस्त मंडळासही आमची विनंती आहे की, सहलीची गाडी ठरवताना भाड्याबरोबरच ब्रेक शेवटचे कधी उघडले तेही विचारावे.

स्वाध्याय : ३००० किलो वजनाची गाडी २०० मीटर उंची उतरली, तर किती उष्णता निर्माण होईल? उत्तर काढा आणि घरी गाडी चालवणाऱ्यांना ते वाचून दाखवा.