डोंगराआडचे गाव आणि नभोवाणीची लहर

इसवी सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यात मोठी गारपीट झाली. तिचे पंचनामे करण्यास आम्ही महसूल खात्याचे कारकून या नात्याने बालाघाटाच्या एका खोऱ्यात गेलो होतो. माळावरील वस्तीत काढलेल्या हरभऱ्याच्या गंजी ताडपत्रीखाली शाबूत होत्या. अर्ध्या कोसावर, डोंगराच्या कुशीतील गावात, त्याच पिकाच्या गंजी भिजून काळवंडल्या होत्या. कारण विचारता एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "साहेब, पावसाचा सांगावा त्यांच्या रेडिओला आला, आमच्यात नुसती खरखर." एकाच केंद्राचा आवाज वरच्या वस्तीस मिळावा व खालच्या गावास मिळू नये, असे का व्हावे? जाणत्यांस विचारून व स्वतः पाहून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवितो.

नभोवाणीच्या ज्या लहरी आपल्याकडे ऐकू येतात त्या मुख्यतः दोन जातींच्या होत. पहिली मध्यम लहर. १९६८ साली निघालेले आकाशवाणीचे परभणी केंद्र आपण याच लहरीवर ऐकत आलो. तिची लांबी दोनशे मीटरांहून अधिक. ती जमिनीस धरून चालते व टेकडीस वळसा घालून पलीकडे उतरते. मात्र विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर वा आभाळातील वीज यांची खरखर तिच्यात शिरते. दुसरी लहर एफ.एम.ची. नांदेड केंद्र १०१.१ मेगाहर्ट्‌झवर लागते, ते या जातीचे. तिची लांबी अवघी तीन मीटर. आवाज स्वच्छ, परंतु चाल दिव्याच्या उजेडासारखी सरळ. डोंगर आडवा आला की मागे तिची सावली पडते. या सावलीत जे गाव सापडले ते बहिरे झाले.

सबब एफ.एम.च्या बाबतीत क्षेपकाच्या शक्तीहून मनोऱ्याची उंची अधिक महत्त्वाची. हिशेब सोपा आहे. मनोऱ्याच्या उंचीचे, मीटरांत, वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणावे. येईल तितके किलोमीटर सपाट मुलखात त्याची नजर पोहोचते. मनोरा १०० मीटर असल्यास ४१ किलोमीटर. ऐकणाऱ्याची तार ४ मीटर उंच असल्यास तिचे ८ किलोमीटर त्यात मिळवावे, एकूण ४९. मनोरा २५ मीटरच असेल तर हाच आकडा सुमारे २९ वर येतो. यापलीकडे आवाज अगदीच जात नाही असे नव्हे. पण त्याचा भरवसा धरू नये. नांदेड व लातूर ही शहरे सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहून दूर. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात सखल, लातूर बालाघाटाच्या पठारावर उंच, आणि मधे कंधार-मुखेडकडील डोंगराळ मुलूख. तिकडे किनवट-माहूरच्या डोंगरांतही हीच अडचण. अलीकडे प्रसार भारतीने देशातील अनेक मध्यम लहरींचे क्षेपक बंद करून एफ.एम.वर भर दिला आहे. सपाटीवरील श्रोत्यास यात लाभ आहे. खोऱ्यातील शेतकऱ्याने मात्र सावध असावे. मोबाईलवर ऐकू म्हणावे, तर त्याची लहर याहूनही आखूड. तिला डोंगराची आडकाठी अधिकच.

आता घरी करावयाचे उपाय. एफ.एम.करिता यंत्र खिडकीजवळ, शक्य तितके उंच ठेवावे. डोंगरावर आपटून परतलेली लहर मूळ लहरीत मिसळली तर आवाज फाटतो; अशा वेळी यंत्र दोन हात सरकविल्यानेही फरक पडतो. यंत्रास बाहेरील तार जोडण्याची सोय असल्यास पाऊण मीटरचे तारेचे दोन तुकडे एका ओळीत, मधे थोडी फट ठेवून, वाशावर बांधावे. फटीकडील दोन टोकांपासून जोडतार यंत्रात आणावी. वासा आडवा व उभा, दोन्ही प्रकारे धरून पाहावा. मध्यम लहरीकरिता यंत्र स्वतःभोवती फिरवून आवाज खुलेल त्या दिशेस ठेवावे. मात्र विजेच्या तारांजवळ वासा कदापि उभारू नये, व आभाळ गडगडण्यापूर्वीच जोडतार यंत्रातून काढून ठेवावी.

एवढ्यानेही भागत नसेल, तर लहान केंद्राचा मार्ग आहे. २००६ च्या धोरणापासून सेवाभावी संस्था, कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांस सामुदायिक नभोवाणी चालविता येते. शक्ती १०० वॅट, मनोरा फार तर ३० मीटर. टापू सुमारे १० किलोमीटर. उदगीर-बीदरच्या पलीकडे, झहीराबादजवळील माचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ पासून संघम रेडिओ निघाला. तो गरीब शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांनी चालविला, आणि त्यावर बियाणे, कोरडवाहू पिके, औषधी वनस्पती व लोकगीते असे विषय त्यांच्याच बोलीत आले. शहरातील गाण्यांच्या वाहिनीस हे साधत नाही. परंतु लहान केंद्रही डोंगरमाथा पाहूनच उभारावे. खोऱ्यात उभारल्यास पैसा मातीत.

वाचकांस आमची सूचना अशी. पीक-पाहणी करितो तशी आपल्या गावाची श्रवण-पाहणी करावी. चावडी, देऊळ, शाळा, मळा व माळ या पाच ठिकाणी एकच यंत्र नेऊन सकाळी व सायंकाळी कोणते केंद्र स्पष्ट, कोणते अस्पष्ट, ते तक्त्यात मांडावे. यातून दोन गोष्टी साधतील. गावातील ऐकू येणारी जागा कळेल. हवामानाचा इशारा तेथे ऐकून गावभर सांगण्याचे काम पाळीपाळीने वाटून घेता येईल. १९५६ साली पुणे केंद्राच्या प्रयोगात पाच जिल्ह्यांच्या गावांतून शेतकरी असेच एकत्र बसून ऐकत व चर्चा करीत. दुसरे, मागणीचा अर्ज करावयाचा झाल्यास त्यास आधार राहील. "आवाज येत नाही" एवढ्या तक्रारीची फाईल पुढे सरकत नाही, हे आम्ही टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे. तक्ता जोडलेल्या अर्जास उत्तर द्यावेच लागते.