युक्त जीवन

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे विवेचन चालू असता भगवंत मध्येच आहार-निद्रेचा विषय काढतात. अति खाणाऱ्यास योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही; अति झोपणारा आणि सदा जागणारा या दोघांचीही तीच गत. ज्याचा आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही ‘युक्त’ असतात, त्याचाच योग दुःखनाशक होतो.

‘युक्त’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून सिद्ध होतो. दिवसाचे घटके सर्व कामांना सारखे वाटणे, असा त्याचा अर्थ नव्हे. ज्या वेळी जे कर्तव्य प्राप्त झाले, त्यास योग्य तेवढे जोडलेले असणे, हा अर्थ होय. घरी माता रुग्णशय्येवर असता तिची शुश्रूषा करण्यात पूजेचा वेळ गेला, तर तेथे युक्तता मोडत नाही.

तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. ते १७९८ साली गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजसत्ता किल्ल्यापुरती व भोवतालच्या थोड्या प्रदेशापुरती उरली. त्यांचे वय तेव्हा २२ वर्षांचे होते. अशा पुरुषापुढे दोन सोपे मार्ग असतात: भोगात बुडून जाणे, अथवा गेलेल्याचा शोक करीत बसणे. एक अतिभोजन, तर दुसरे उपोषण!

सरफोजींनी हाती उरलेली क्षेत्रे कसली. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी नाना भाषांतील पोथ्या व ग्रंथ जमविले. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध व युनानी वैद्यकासह पाश्चात्य वैद्यकाचीही उपासना चालविली. नेत्ररोग्यांचे वृत्तान्त चित्रांसह लिहून ठेवविले. मराठी पुस्तके छापविली, अन्नछत्रे सांभाळली, काशीयात्रा केली. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुलाचा इतिहास मराठीत कोरविला. ज्ञान, आरोग्य, दान, भक्ती आणि कुलस्मृती यांपैकी एकही अंग त्यांनी सत्तेबरोबर वाहून जाऊ दिले नाही. १८३२ साली ते निवर्तले. ग्रंथालय आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहे.

कोणी म्हणेल, राजापाशी द्रव्य होते, सामान्य गृहस्थाने काय करावे? साधने भिन्न असली तरी प्रसंग तोच आहे. नोकरीची मुदत संपते, व्यापार बसतो, मुले दूरदेशी जातात. ज्याने सारे जीवन एकाच खुंटीला टांगले, त्याची खुंटी निखळताच सर्वस्व भुईवर येते. म्हणून सुस्थितीत असतानाच इतर अंगांची जोपासना करावी. दुकानाने पत्नीशी बोलण्याची वेळ गिळली काय? चिंतेने झोप नेली काय? आज काही वाचले, कोणाच्या उपयोगी पडलो काय? रात्री दिवा मालविण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःस एवढे विचारावे, आणि जे अंग उपाशी राहिले असेल त्याला उद्याच्या दिवसातला पहिला घास द्यावा.