पैसे घ्यायला पिन लागत नाही

प्रश्न : नवी पेठेत माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. लष्करी अधिकारी म्हणवणाऱ्या एकाने फोनवर ५० चादरींची ऑर्डर दिली. आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठवलाय. स्कॅन करून पिन टाका म्हणतो. टाकू का?
– एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : अजिबात टाकू नका. पिन दिला नसेल तर घाबरण्याचं कारण नाही. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला किंवा शिल्लक पाहायला लागतो, घ्यायला कधीच नाही. तुमच्या गल्ल्यावरचा कोड गिऱ्हाईक स्कॅन करतं आणि पिनही तेच टाकतं, हे तुम्ही रोज पाहता. मग पैसे देणाराच तुम्हाला पिन मागतो, यातच सगळी खोट आली. त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवलाय, असं तुम्ही म्हणाल. पण तसा फोटो कुणाचाही मिळवता येतो. ऑर्डर खरी असेल तर तुमचाच कोड त्याला पाठवा, तो पैसे भरेल. स्क्रीनशॉटवर मात्र माल सोडू नका. रक्कम बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसू द्या. पिन टाकून बसला असाल, तर संकोच न करता लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच गोठवता येते, म्हणून उद्यावर ढकलू नका.