खाऱ्या वाऱ्याची आघाडी

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे जुने गाव आज खारघर नगराच्या इमारतींनी वेढलेले आहे. एप्रिलातील सकाळी तेथे गच्चीवर वाळत घातलेले कपडे बहुधा पश्चिमेकडे फडफडतात. कारण वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. यास मतलई वारा म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या काळी कोळी याच वाऱ्यावर पहाटे समुद्रात जात. ऊन चढले की हा वारा पडतो व जीव नकोसा होतो. मग दुपारी एकाएकी कपड्यांची टोके पूर्वेकडे वळतात. खारा वारा आला!

हा पालट एकाएकी का होतो? जमीन लवकर तापते, समुद्राचे पाणी मात्र सावकाश. जमिनीवरील तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरील थंड, जड हवा तिची जागा घेण्यास पुढे सरकते. पाचर ओंडक्यात शिरावी तशी ती उष्ण हवेखाली शिरते. दोन्ही हवा सहजासहजी एकमेकींत मिसळत नाहीत. त्यांच्यामधील सीमेस आघाडी म्हणतात.

हा शब्द रणभूमीवरचा आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ च्या सुमारास, नॉर्वेतील बर्गेन येथे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस व त्यांचे सहकारी यांनी तो हवामानशास्त्रात रूढ केला. युरोपात ध्रुवाकडील थंड हवा व दक्षिणेकडील उष्ण हवा यांच्या आघाड्या शेकडो मैल लांब असतात. थंड हवा जोराने आत घुसली तर उंच ढग उभे राहून सरी कोसळतात; उष्ण हवा थंड हवेवर सावकाश चढली तर आकाश दिवसभर भरून राहते व रिमझिम लागते. कोकणात अशा आघाड्या येत नाहीत. उष्ण कटिबंधात शेजारच्या हवांच्या तापमानात तेवढा फरकच नसतो.

बेलपाड्याची आघाडी लहान खरी, पण दिवसाचा ताप तिच्या हाती असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर ती आधी येते; खाडी ओलांडून बेलपाड्यास पोचावयास तिला अधिक वेळ लागतो. पूर्वेचा वारा जोराचा असला तर ती अडून राहते आणि पारा चढतच जातो. मुंबईतील मार्चचे कडक दिवस बहुधा असेच असतात. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझ येथे ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

खारा वारा आला म्हणजे धोका टळला, असे मात्र नव्हे. तो ओलावा आणतो. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात भरलेल्या समारंभास लाखो लोक आले होते. त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातील एप्रिलात एवढ्या उन्हाचे कोणास नवल वाटत नाही. तरी येथे उष्माघाताने १४ माणसे दगावली.

जून लागला की नैर्ऋत्येचे मोसमी वारे अहोरात्र वाहू लागतात. मग मतलई वारा उरत नाही, आघाडीही उरत नाही, आणि बेलपाड्याच्या गच्चीवरील दोऱ्या रिकाम्या होतात.