विमानात खिडकी कोणती घ्यावी?

आमच्या पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले व 5 जानेवारी 2023 पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. गेल्या वर्षी माझी आजी तुये गाव सोडून मुंबईला काकांकडे कायमची राहायला निघाली. सोबतीला मी होतो. "वयल्यान आमचें तुयें दिसतलें मरे?" असे तिने घरीच विचारून ठेवले होते. जादा पैसे भरून मी तिच्यासाठी खिडकी घेतली, पण ती निघाली उजव्या बाजूची आणि नेमकी पंखावरची. तुये डावीकडे राहिले. आजीने तक्रार केली नाही, मात्र मला ती चूक लागून राहिली. परत आल्यावर नकाशा आणि पट्टी घेऊन बसलो. जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट दिशेची. मोपा ते मुंबई सरळ रेषा काढली तर ती रत्नागिरीच्या थोडी पूर्वेकडून जाते. म्हणजे मुंबईला जाताना डावीकडे किनारा व समुद्र, तर उजवीकडे सह्याद्री आणि कोयनेचा शिवसागर. येताना याच्या उलट. तीन-तीन आसनांच्या विमानात 'ए' ही डावी खिडकी व 'एफ' ही उजवी. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना बंगळूरला जायचे असेल, तर यल्लापूर-शिरसीकडची जंगले उजव्या हाताला येतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते. मोपाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. दिवस चढला की समुद्रावरून वारा येतो, अशा वेळी विमान बहुधा पश्चिमेकडे झेपावते. तेव्हा दक्षिणेकडचे तुये आणि शापोरा नदी डाव्या खिडकीत येतात. उजवीकडे तेरेखोल नदी. पुढे विमान उत्तरेला वळताना उजवीकडे कलते व डाव्या खिडकीत नुसते आकाश उरते, म्हणून वळणापूर्वीच पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट सूर्याची. ज्या बाजूला ऊन, त्या बाजूची काच चमकते व खालचे सारे धूसर होते. मुंबईला जाताना सकाळी डावी बाजू सावलीत असते, दुपारनंतर उजवी. वारा आणि सूर्य दोन्ही जमवायचे तर सकाळी उशिराचे विमान बरे.

चौथी गोष्ट रांगेची. मधल्या रांगांसमोर पंख आडवा येतो. पंखामागे बसल्यास इंजिनाच्या तप्त हवेमुळे दृश्य थरथरते. म्हणून पंखाच्या पुढची रांग उत्तम. काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीच नसते. पैसे भरण्यापूर्वी आसनांचा आराखडा पाहावा.

किती दूरचे दिसते, याचेही गणित आहे. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला 3.57 ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. 9000 मीटरांवरून ते सुमारे 339 किलोमीटर भरते. प्रत्यक्षात धुरकट हवेमुळे एवढे दिसत नाही. पावसाळ्यात ढग आड येतात, तर पावसाळा सरल्यावर हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी किंमत आणि उपयोगिता यांतील फरक पुस्तकात शिकतो. पंखावरच्या खिडकीसाठी मोजलेल्या पैशांनी तो मला पुरता शिकवला. खिडकीची किंमत विमान कंपनी ठरवते. तिची उपयोगिता मात्र आपल्याला काय पाहायचे आहे, यावर ठरते.

आजी दिवाळीला गावी येणार आहे. तिच्या परतीचे तिकीट मी काढून ठेवले आहे: सकाळी उशिराचे विमान, पंखाच्या पुढची रांग, 'ए' आसन. वारा कसा असेल ते आपल्या हाती नाही. खिडकीत ती बसेल, मधल्या जागेवर मी.