चिंतामणराव देशमुख : पद आणि सेवा

यंदा आमच्या अभ्यासमंडळात ‘लोकसेवा आणि शिक्षण’ या विषयावर चर्चा झाली. सरांनी प्रश्न टाकला, “चिंतामणराव देशमुखांनी भूषविलेले सर्वांत मोठे पद कोणते?” कोणी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद म्हटले. मी अर्थमंत्रिपद सांगितले. राज्यसेवा परीक्षेची पुस्तके उशाशी घेऊन झोपणाऱ्या माझ्यासारख्याला पदाची उंची अधिकारावरून मोजण्याची सवय असते. पुढे त्यांचे चरित्र अभ्यासू लागलो, तेव्हा माझे उत्तर मलाच अपुरे वाटू लागले.

चिंतामणरावांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते या गावी झाला. १९१२ मध्ये मॅट्रिकला ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांनी वीस वर्षे कारभार पाहिला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या प्रतिनिधिमंडळात होते. १९५० ते १९५६ या काळात ते केंद्रीय अर्थमंत्री होते. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती याच काळात, १९५५ साली.

इथवरची वाटचाल चढणीची दिसते. यानंतरचे वळण मात्र विचार करायला लावणारे आहे. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याचा निर्णय झाला. तेथे झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही नाकारली गेली. कुलाब्याहून लोकसभेवर निवडून गेलेल्या चिंतामणरावांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. मंत्रिमंडळाशी रीतसर विचारविनिमय न करता असे निर्णय घेतले जातात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. प्रश्न केवळ प्रांताचा नव्हता, कारभाराच्या रीतीचाही होता.

चर्चेत एका मैत्रिणीने विचारले होते, “चांगली माणसेच बाहेर पडू लागली, तर आत कोण उरेल?” आक्षेप खरा आहे. पण चिंतामणराव उठसूट खुर्ची सोडणारे नव्हते. परक्या सरकारच्या चाकरीतही ते दीर्घकाळ टिकून राहिले होते. शिवाय मंत्रिपद सोडले तरी सेवा त्यांनी सोडली नाही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले व १९६१ पर्यंत तेथे राहिले.

या कामाचे स्वरूप नीट पाहावे. अर्थमंत्र्याच्या हाती तिजोरी असते; मंडळाच्या अध्यक्षाला त्याच तिजोरीकडे विद्यापीठांसाठी पैसा मागावा लागतो. जिल्ह्याचा अधिकारी हुकूम देऊ शकतो. विद्यापीठे मात्र आपापल्या कायद्याने चालणारी स्वायत्त संस्था. त्यांना अनुदान द्यायचे, अध्यापनाचा दर्जा राखायचा, आणि हे सारे बहुतांशी समजावणीने करायचे. अशा ठिकाणी नेतृत्वाची कसोटी लागते, कारण अधिकाराची काठी जवळ नसते. शासकीय सेवेबद्दलचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना १९५९ मध्ये मिळाला, तो मंडळावर असतानाच.

पुढे १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ मध्येच तेथे पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले आणि नोकरी सांभाळून पदवी घेऊ पाहणाऱ्यांना वाट मिळाली. या साऱ्या धबडग्यात त्यांची संस्कृतची आवडही टिकली. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे, कारण “साहित्य वाचून परीक्षेत काय उपयोग?” हा प्रश्न आपल्याला घरीदारी ऐकावा लागतो.

परीक्षा मी देणारच आहे. निवड झाली तर आनंद होईल, न झाली तर वाईट वाटेल. हे लपवण्यात अर्थ नाही. पण न झाल्यास सेवेचे दार बंद झाले, असे मी आता मानणार नाही. एखाद्या शाळेचा वर्गही तितक्याच जबाबदारीची जागा आहे. सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर पदाचे नाव सांगण्याची घाई मी करणार नाही. त्या पदावर बसून माणसाने काय केले आणि ते कशासाठी सोडले, हे आधी पाहीन.