स्कार्फखालचे मुरूम

प्रश्न : वय 21. चेहरा तेलकट, मुरूम हटत नाहीत. मैत्रिणीच्या क्रीमने आठवडाभर उजळला, मग दुप्पट फोड आले. काय लावू? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ती ट्यूब नीट वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा खुलतो, मग मुरूम उसळतात. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

चेहरा दिवसातून दोनदाच, सौम्य फेसवॉशने धुवा. करकरीत होईपर्यंत घासू नका. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं. डबीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) पाहून घ्या. नागपूरच्या उन्हात जेल स्वरूपातलं, एसपीएफ 30 चं सनस्क्रीन बरं. लिंबू, टूथपेस्ट स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरातच राहू द्या!

डॉक्टरांनी मुरमांसाठी अ‍ॅडापॅलीन दिलं तर रात्री कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढंच, पण सगळीकडे लावा. नुसत्या फोडावर नको. सुरुवातीला एक रात्र आड. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. गरोदरपणात मात्र ते वर्ज्य. मुरमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड दिलं असेल तर त्याने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाला.

आणि स्कूटीवर बांधता तो स्कार्फ? घामट कापड दिवसभर गालावर घासलं जातं. सुती वापरा, रोज धुवा.